पुढे ओढलेली सीट

१

माझं काम वजनकाटे तपासण्याचं. दुकानातले नव्हेत, कारखान्याच्या फाटकाशी जमिनीत बसवलेले, ज्यांच्यावर अख्खा ट्रक चढतो ते. काटा खरं बोलतोय की खोटं, एवढं ठरवून शिक्का मारायचा आणि पुढच्या गावी जायचं. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस मी बाहेर असते. सकाळचं विमान, चाकांची बॅग, भाड्याच्या गाड्यांचा काउंटर, किल्ली. मग गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढायचा, म्हणजे परत देताना वाद नको. सगळं इतकं अंगवळणी पडलंय की झोपेतही करीन.

त्यात एक गोष्ट कधी चुकत नाही. माझी उंची चार फूट अकरा इंच. भाड्याच्या गाडीत बसले की आधी सीट पार पुढे ओढायची, मग वर उचलायची, मग आरसा खाली करायचा. आधीचा चालवणारा नेहमी माझ्यापेक्षा उंच असतो. जगच माझ्यापेक्षा उंच आहे, त्याला इलाज नाही.

त्या मंगळवारी मी गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि निघाले. पहिल्या सिग्नलला लक्षात आलं की आपण सीटला हातही लावलेला नाही. पाय नीट पोचत होते. आरशात मागचा रस्ता जसा दिसायला हवा तसाच दिसत होता. मला बरंच वाटलं. चला, म्हटलं, कुणीतरी आपल्या मापाचं निघालं.

कारखान्याचा पत्ता घालायला रस्ता दाखवणारी स्क्रीन उघडली. ‘अलीकडची ठिकाणं’ या मथळ्याखाली एकच ओळ होती. गल्लीचं नाव, इमारतीचं नाव, आणि पुढे ‘मागचं फाटक’.

तो आमच्या घराचा पत्ता होता.

मागच्या फाटकाची गोष्ट आमच्या इमारतीतल्या लोकांनाच ठाऊक आहे. पुढे गाडी लावायला जागा नसते, म्हणून आम्ही मागून येतो. आणि मी त्या वेळी घरापासून अकराशे किलोमीटर दूर होते.

फोन जोडला गेला असेल, त्यातून पत्ता उचलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग फोन पाहिला. तो पर्समध्ये होता, विमानात बंद केला होता तसाच बंद.

२

संध्याकाळी हॉटेलातून आईला फोन लावला. घरी आम्ही दोघीच. सकाळी कामाला मावशी येतात, स्वयंपाक करून बाराला जातात. त्यानंतर आई एकटी. तिनं तीस वर्षं शिवणकामाच्या वर्गात मुलींना शिकवलं. अजून कुणाच्याही अंगावरचा कपडा पाहून कुठे टाका चुकलाय ते सांगते. गुडघे तेवढे गेलेत.

“जेवलीस?” तिनं विचारलं.

“जेवले. तू?”

“मावशी झाकून ठेवतात ते खाते. रोज तीच भाजी, पण तक्रार करायची सोय नाही, लगेच तोंड फुगतं त्यांचं. बरं, गुडघ्याचा पट्टा सापडला. तू दाखवलंस तिथेच होता, कपाटाच्या मागे.”

“मी कधी दाखवलं?”

“काल दुपारी नाही का?”

“काल दुपारी मी ऑफिसात होते, आई.”

“हो ना. तिथूनच आली असशील. तासभर होतीस की.”

ऑफिस घरापासून दीड तासावर आहे. काल सहा वाजेपर्यंत मी तिथून हलले नव्हते. पट्टा हरवलाय हेही मला माहीत नव्हतं.

“आई, तू झोपली होतीस का दुपारी? स्वप्न पडलं असेल.”

“चिमे,” आई म्हणाली. माझ्या उंचीवरून तिनं पाडलेलं हे नाव. “स्वप्नात सापडलेला पट्टा गुडघ्याला बांधता येतो का गं? आत्ता बांधलाय.”

मी हसले. मग विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिले. मला कोडी सुटेपर्यंत चैन पडत नाही, धंदाच तसला आहे. मावशींनी पट्टा शोधला असेल. आईनं वार चुकवला असेल. काटा थोडा इकडेतिकडे होतोच, म्हणून कुणी तो लगेच मोडीत काढत नाही.

३

तीन आठवड्यांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्याच कंपनीची गाडी घेतली. छोटा विमानतळ, सामानाचा एकच पट्टा, आणि बाहेर पत्र्याच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ गाड्या देत होते. चष्म्याला दोरी, टेबलावर टोचून ठेवलेल्या पावत्या.

गाडीत बसले. सीट पुढे ओढलेली होती. आरसा खाली.

मी स्क्रीनला हात लावायला दोन मिनिटं घेतली. सरळ उतरून दुसरी गाडी मागावी असंही वाटलं. पण काय कारण सांगणार? सीट फार सोयीची आहे म्हणून?

ओळ होती. तोच पत्ता, मागचं फाटक. या गाडीत त्याखाली वेळही दिसत होती. पोचल्याची वेळ: काल दुपारी दोन चाळीस.

मी परत त्या खोलीत गेले. “काका, ही गाडी काल कुणाकडे होती?”

“का हो? काही आवाज येतोय?”

“नाही. सहज.”

त्यांनी वही उलटली. “एक बाई होत्या. सकाळी नेली, संध्याकाळी आणून दिली. अठ्ठेचाळीस किलोमीटर चालली.” मग चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या नात्यातल्या का? नाही, चेहऱ्यावरून नव्हे. चेहरा काही आठवत नाही. पण उभं राहायची ढब. तुम्ही आत्ता उभ्या आहात ना, बॅगेवर हात ठेवून, अश्शाच.”

मी बॅगेवरचा हात काढला.

“काय म्हणाल्या त्या?”

“बोलल्याच नाहीत. कागदावर बोट ठेवून दाखवत होत्या, इथे सही, तिथे सही. घसा बसला असावा. सहीसुद्धा कसली, नुसती रेघ.”

अठ्ठेचाळीस किलोमीटर. घर तिथून साडेसहाशे होतं. आकडा खोटा नव्हता, वेळ खोटी वाटत नव्हती, पण दोन्ही एकत्र खरी असणं शक्य नव्हतं. दिवसभर मी ट्रकच्या काट्यावर वजनं ठेवत होते आणि उतरवत होते, आणि माझ्याबरोबरचा मदतनीस तिसऱ्यांदा म्हणाला, “ताई, हे झालंय आपलं.”

४

रविवारी मी आईसमोर बसले आणि फोन मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला.

“मी दुपारी येते तेव्हा काय करते गं?”

“हे काय विचारणं?”

“सांग तर.”

आई हातातला ब्लाउज उसवत होती. मान वर न करता म्हणाली, “काय करणार? येतेस, माझ्या पायाशी बसतेस. मी आपली बडबडते. तू ऐकतेस.”

“बोलत नाही?”

“नाही. मला आधी वाटलं, दमलेली असतेस. पण खरं सांगू, मला ते आवडतं. एरवी तू घरी असलीस की आपलं ‘एक मिनिट आई, एक मिनिट आई’. तो फोन नि तू. तेव्हा मात्र निवांत असतेस. घड्याळाकडेसुद्धा बघत नाहीस.”

मी खाली पडलेले दोरे वेचू लागले.

“किती वेळा आलेय अशी?”

“आता मोजत बसू का मी?” तिनं दोरा तोडला. “हात तेवढे गार असतात तुझे. त्या गाडीतल्या एसीनं. कमी ठेवत जा.”

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं, गुडघ्यांच्या निमित्तानं. त्यांनी बोलता बोलता वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. आई पार दोनपर्यंत गेली आणि वर डॉक्टरांना म्हणाली, “तुमच्या कोटाची डावी बाही अर्धा इंच मोठी आहे. शिंप्याला परत दाखवा.”

बाहेर आल्यावर डॉक्टर मला हळूच म्हणाले, “यांची काळजी करू नका. झोप तुम्हाला कमी पडतेय, डोळे बघा स्वतःचे.”

मी त्याच दिवशी दाराचं कुलूप बदललं. दोनच किल्ल्या केल्या. एक माझ्याकडे, एक आईच्या उशाखाली. मावशींना सांगितलं, बेल वाजवत जा.

५

कुलपाबरोबर एक कॅमेराही आणला. बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर ठेवला आणि फोनवर दिसेल असा जोडला. आईला म्हटलं, तू पडलीबिडलीस तर कळायला हवं.

“घरातल्या घरात पाळत?” ती म्हणाली. “चांगलंय.”

पुढच्या गुरुवारी मी एका कारखान्याच्या आवारात होते. जेवणाची सुट्टी झालेली, ऊन टळटळीत, मी भाड्याच्या गाडीत काचा वर करून डबा खात होते. त्या गाडीची सीट कशी होती ते मी सांगत नाही, तुम्हाला कळलं असेल. पावणेतीनला मी फोनवर कॅमेरा उघडला.

भिंत दिसली. आईनं तो वळवून ठेवला होता. आवाज मात्र येत होता.

“...मग त्या मुलीनं काय केलं माहितीय? दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या!” आई हसत होती. तिचं ते हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मग ती थांबली. कुणीतरी उत्तर देईल एवढा वेळ थांबली आणि म्हणाली, “हो ना. तेच म्हणते मी.”

मी आवाज पूर्ण वाढवला. आई बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. मधल्या जागांत काहीच नव्हतं. शेजारची मोटार, पंखा. मी नकळत श्वास सोडला. म्हातारी माणसं एकटी असली की बोलतात स्वतःशी. त्यात काय एवढं.

मग आई म्हणाली, “निघालीस? बस की अजून थोडी.”

आणि चाकांचा आवाज आला. बॅग फरशीवरून ओढत नेल्याचा. माझ्या बॅगेचं एक चाक झिजलंय, त्यामुळे ती ओढताना एक झटका, मग दोन साधे फेरे, मग पुन्हा झटका, अशी वाजते. ही चाल मी सहा वर्षं विमानतळांच्या फरशांवर ऐकत आलेय. चूक होणं शक्य नाही.

माझी बॅग माझ्या शेजारच्या सीटवर होती. मी तिच्यावर हात ठेवून बसले होते.

दार लागलं. आई एकटीच गुणगुणत राहिली. मी लगेच घरी फोन केला. ती म्हणाली, “अगं, काही विसरलीस का? खाली असशील तर वर ये.”

“आई, दार कुणी उघडलं?”

“तूच. किल्ली आहे ना तुझ्याकडे.” थोडं थांबून ती खुशीत म्हणाली, “आज बोललीस हो. चांगलं वाटलं. आवाज जरा बसलाय, गरम पाणी पी.”

६

मी साहेबांकडून दहा दिवसांची रजा घेतली. नोकरीच्या अकरा वर्षांत पहिली. ठरवलं की आईला घरातच ठेवायचं नाही, आणि एक क्षणही नजरेआड करायचं नाही. तळ्याकाठी एक छोटा बंगला आठवड्यासाठी मिळाला. आई पहिल्यांदा विमानात बसली, खिडकीतून ढग पाहून म्हणाली, “पिंजलेला कापूस. कुणीतरी आवरायला हवा.”

विमानतळावर गाडी घेतली. दार उघडलं तर सीट पार मागे, एखाद्या लांबटांग्या माणसानं सोडलेली. स्क्रीनवर एकही ठिकाण नाही. मी ती सीट पुढे ओढताना इतकी हसले की आई विचारू लागली, “काय झालं?”

“काही नाही. सुट्टी लागली.”

दोन तासांनी बंगल्याशी पोचलो. राखणदार झाडांना पाणी घालत होता. मी किल्ली मागितली, तर तो नळी हातात धरून तसाच पाहत राहिला.

“ताई, किल्ली मघाशीच दिली ना तुम्हाला. अर्धा तास झाला असेल.” मग त्याला गाडीतली आई दिसली. “अच्छा, आईंना आणायला गेला होतात होय!”

दार उघडंच होतं. आत सगळ्या खोल्या मी पाहिल्या, पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात. कुणी नव्हतं. दोन पलंगांपैकी एकावरची चादर चुरगळलेली होती, कुणी नुसतं कडेला बसून उठावं तेवढीच. मी आईला म्हटलं, आपण परत जाऊ. तिनं व्हरांड्यातली खुर्ची तळ्याकडे फिरवली आणि बसली. “जा तू हवं तर. माझे पाय आता विमानतळ बघणार नाहीत आज.”

दूध नव्हतं, आईच्या गोळ्यांची वेळ झाली होती. दुकान तळ्याच्या वळणावर समोरच दिसत होतं. राखणदाराला तिथेच थांबायला सांगून मी जवळजवळ धावत गेले. पिशवी घेतली, वळले, आणि पाण्यापलीकडे आमचा व्हरांडा दिसला. लख्ख दुपार होती.

आई खुर्चीत होती. तिच्या पायाशी पायरीवर कुणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. अंगात पांढरा शर्ट, मी कामावर घालते तसा. आई तिच्या केसांतून हात फिरवत होती. आणि ती आईचा गुडघा चोळत होती, वर-खाली, वर-खाली, एकाच लयीत, न थांबता. एखादं माणूस मध्ये हात बदलतं, मान हलवतं, माशी हाकलतं. हिचं बाकी काहीच हलत नव्हतं.

“आई!” मी ओरडले.

आईनं वर पाहिलं. तळ्यापलीकडून तिनं हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं. शेजारच्या घरातली पोरं दंगा करतात तेव्हा ठेवते तसं. तिच्या पायाशी बसलेलीचं डोकं तेव्हा वळू लागलं. हळूहळू, खांदे जागेवर ठेवून. गाल दिसेल न दिसेल एवढं वळलं आणि मी खाली पाहिलं. मुद्दाम पाहिलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो चेहरा माझा असेल याची भीती नव्हती वाटली. तो आईला माझ्यापेक्षा जास्त माझा वाटेल, याची वाटली.

धावत पोचले तेव्हा पायरी रिकामी होती. राखणदार म्हणाला, तुम्ही आत गेलात म्हणून मी नळ बंद करायला मागे गेलो. आईच्या गुडघ्यांवर शाल नीट खोचलेली होती.

आईनं माझ्याकडे पाहिलं. “कोण हवंय?” तिनं विचारलं. अगदी सभ्यपणे. मग डोळे बारीक केले. “अगं, तूच का. कपडे कधी बदललेस?”

७

परत आल्यावर मी फिरतीची नोकरी सोडली. घराजवळच्या एका दुकानात हिशेबनिसाचं, म्हणजे बसून करायचं काम धरलं, आणि थोड्याच दिवसांत तेही अर्ध्या दिवसावर आणलं. दुपारी बारा ते पाच मी घरी. मावशी गेल्या की दार आतून कडी लावून बंद. फोन कपाटात. मी आईच्या पायाशी बसते, तिचे गुडघे चोळते, ती सांगेल ते ऐकते.

पहिला महिना बरा गेला. कुणी आलं नाही. मी मनाशी म्हणायचे, बघ, एवढंच हवं होतं. घरी राहायचं, बस्स.

मग आईचं बोलणं कमी होऊ लागलं. गोष्ट अर्ध्यावर सोडून द्यायची. खिडकीजवळ खुर्ची ओढून घ्यायची आणि खालची वाट बघत बसायची. मी काही विचारलं तर उत्तर द्यायची, पण हातचं राखून, परक्या घरी पाहुणी असल्यासारखी. एकदा मी गुडघ्याला तेल लावत होते, तर तिनं पाय अलगद मागे घेतला.

“राहू दे,” ती म्हणाली. “तुम्ही कशाला त्रास घेता?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“आई, मी आहे. चिमी.”

ती संकोचून हसली. “हो, हो. छान नाव आहे.”

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. वार बरोबर, तारीख बरोबर, सात-सात वजा करत थेट दोनपर्यंत. मावशींना ती मावशी म्हणते, शेजारच्यांची मुलं नावानिशी ओळखते. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, “या कोण?” आई म्हणाली, “फार करतात हो बिचाऱ्या. मुलगी फिरतीवर असते ना, म्हणून ठेवल्यात.”

काल दुपारी मी तिच्यासाठी चहा टाकला होता. ती खिडकीत होती. एकदम तिचा चेहरा उजळला. गुडघे दुखतात हे विसरून ती दोन्ही हातांनी खुर्चीचा आधार घेत उठली आणि दाराकडे निघाली. मी तिच्या आधी दारापाशी पोचले आणि पाठ टेकून उभी राहिले. जिन्यात बॅगेची चाकं एकेक पायरी चढत होती. आमच्या मजल्यावर येऊन ती थांबली. बाहेरून कुलपात किल्ली फिरली. कडी माझ्या पाठीशी ताणली गेली, पण निघाली नाही.

“आई, नको,” मी म्हटलं. “आई, माझ्याकडे बघ.”

आईनं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. कामवालीची समजूत घालावी तशी तिनं माझ्या दंडावर हात ठेवला.

“तुम्ही जरा बाजूला व्हा हो,” ती म्हणाली. “माझी मुलगी आलीय.”